पोटातले पाणी हलता कामा नये



मागच्या दोन महिन्यांच्या टपालात एकाच विषयाची तीन पत्रे निघाली. म्हणून या खेपेस शाळा, दवाखाना आणि स्वयंपाकघर हे आपले नेहमीचे विषय बाजूला ठेवून आम्ही मोटारीवर लिहिणार आहोत. 'मोटारीशी आपला काय संबंध?' असे म्हणून कुणी पान उलटू नये. संबंध आहे, आणि तो थेट आपल्या आई-बापाच्या कंबरेशी आहे.

पहिले पत्र भुसावळचे. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ लिहितात, पत्नीला मणक्याचे दुखणे आहे, दर महिन्याला धुळ्याला दाखवायला न्यावे लागते, एसटीत तिचे फार हाल होतात. फंडाच्या पैशातून एखादी जुनी गाडी घ्यावी काय? दुसरे पत्र धुळ्याच्या एका ताईंचे. मुलीला सातवा महिना लागला आहे, तिला बाळंतपणासाठी जळगावहून माहेरी आणायचे आहे. गाडी भाड्याने करायची तर कोणती करावी? तिसरे पत्र पारोळ्याच्या एका तरुणाचे. त्याला एक जुनी अ‍ॅम्बॅसेडर मिळते आहे. लग्नसराईत नवरदेवासाठी भाड्याने देता येईल, एरवी घरच्यांना वापरता येईल. घेऊ का, असे तो विचारतो.

तिघांच्या प्रश्नाचे मूळ एकच. चार दारांच्या डिकीवाल्या जुन्या गाड्यांमध्ये बसणाऱ्याला दणके कोणत्या गाडीत कमी बसतात? चांगल्या गाडीची तारीफ करताना आपण म्हणतो, 'पोटातले पाणी हलले नाही.' ते पाणी कशाने हलते आणि कशाने हलत नाही, एवढेच आज पाहायचे.

एक रविवार आणि चार गाड्या

आम्ही काही इंजिनिअर नाही. आम्हाला धड स्टेअरिंगही धरता येत नाही. पण आमच्या गल्लीत एक ड्रायव्हरकाका राहतात. सरकारी खात्यात त्यांनी अठ्ठावीस वर्षे साहेबांची गाडी चालवली, त्यातली बरीच वर्षे अ‍ॅम्बॅसेडर. त्यांचा पुतण्या गॅरेजमध्ये काम करतो. या दोघांना गाठले. ओळखीपाळखीने चार गाड्या मिळाल्या. एक लग्नात भाड्याने जाणारी अ‍ॅम्बॅसेडर, एक निवृत्त गुरुजींनी जपलेली फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी, एक मारुती एस्टीम, आणि चौथी अलीकडच्या काळातली, विकायला काढलेली डिझेल गाडी. चौथीचे नाव आम्ही मुद्दाम सांगत नाही. का, ते पुढे कळेल.

परीक्षक कोण? आमची माय. वय सत्तरीच्या पुढे, कंबर दुखरी. ड्रायव्हरकाका म्हणाले, "गाडी कशी आहे ते चालवणाऱ्याला विचारू नये. मांगे बशी देखा वहिनी, मंग सांगा."

जळगावहून पाळधीमार्गे एरंडोलपर्यंत हमरस्त्याने गेलो आणि येताना आतल्या गावांच्या रस्त्याने आलो. चारही वेळा रस्ता तोच, माणसे तीच, गतिरोधकही तेच. जळगाव-धुळे हा हमरस्ता पूर्वी सहा नंबरचा म्हणून ओळखला जायचा, आता तो त्रेपन्न नंबरचा आहे आणि बहुतेक चौपदरी झाला आहे. त्याच्यावर कोणतीही गाडी बरी वाटते. गाडीची खरी परीक्षा हमरस्ता सोडून गावाकडे वळल्यावर होते. आपली खानदेशची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता मग लाटांसारखा वरखाली होतो. त्यात दर वस्तीला गतिरोधक. मायच्या कंबरेला हमरस्त्याचे साठ-सत्तर किलोमीटर जड जात नाहीत, शेवटचे दोन किलोमीटर जड जातात.

अ‍ॅम्बॅसेडर

ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या उत्तरपाडा इथल्या हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती अ‍ॅम्बॅसेडर नावाने बनू लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. कलेक्टर, आमदार, मंत्री सारे हिच्यात बसले.

हिच्या आरामाची कारणे साधी आहेत. पहिले कारण चाक. ते पंधरा इंची रिमचे, मोठे. मोठे चाक लहान खड्ड्यात उतरत नाही, त्याच्यावरून जाते. सायकल आणि लहान मुलाची तीनचाकी एकाच खड्ड्यावरून नेऊन पाहा, म्हणजे हे कळेल. दुसरे कारण पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर. ते ९७ इंच आहे. हे अंतर जास्त असले की पुढचे चाक वर चढताना गाडी कमी डोलते. तिसरे कारण वजन. गाडी हजार किलोच्या वर जाते, त्यामुळे ती हलक्या धक्क्याने उसळत नाही. पुढच्या चाकांना तळाशी लांब पोलादी कांबी आहेत. चाक वर गेले की कांब पिळली जाते आणि पुन्हा सरळ होते. यालाच टॉर्शन बार म्हणतात. मागे लोखंडी पाटे आहेत, एकावर एक रचलेले, बैलगाडीच्या नव्हे पण टांग्याच्या कमानीसारखे.

माय म्हणाली, "गतिरोधकावर आपटलं नाही. उचलून ठेवल्यासारखं वाटलं." बसायला सीट उंच, चढायला दार मोठे, वाकावे लागले नाही. पण लाटांच्या रस्त्यावर जरा वेग घेतला तेव्हा गाडी पाळण्यासारखी झुलू लागली आणि तिला मळमळले. मऊ गाडीचे हे दुसरे अंग आहे. दणका कमी, झोका जास्त. ज्यांना गाडी लागते अशा मुलांना हिच्यात मागे न बसवता पुढे बसवावे आणि दूरवर रस्त्याकडे पाहायला सांगावे.

फियाट

दादरला उतरून काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला ही गाडी ठाऊक आहे. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात ती बनायची. हा उद्योग उभा करणारे वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे. फियाट अकराशेचे जे रूप १९६४ साली इथे आले, तेच १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाले आणि २००० सालाच्या आसपास त्याचे उत्पादन संपले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा भरल्याने रस्त्यावरून निवृत्त झाली.

फियाटच्या पुढच्या चाकांना गोल गुंडाळीची स्प्रिंग, म्हणजे कॉइल स्प्रिंग आहे. मागे मात्र पाटेच. चाक चौदा इंची, चाकांतले अंतर सुमारे ९२ इंच, वजन नऊशे किलोच्या आसपास. म्हणून पुढे बसणाऱ्याला ही गाडी चांगली वाटते आणि मागे एकट्याने बसणाऱ्याला ठोसे देते. माय एकटी मागे बसली तेव्हा म्हणाली, "गाडी चांगली आहे, पण मला हुसकते." मग तिच्या शेजारी आणखी दोघे बसवले. काय आश्चर्य, ठोसे निम्म्याने कमी झाले! गॅरेजवाल्या पुतण्याने कारण सांगितले. पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते ताठ राहतात, ओझे आले की वाकतात आणि काम करू लागतात. फियाट ही भरल्या घराची गाडी, असे आम्ही त्या दिवसापासून म्हणतो.

या दोन्ही गाड्यांत एक गोष्ट सारखी. मागची दोन्ही चाके एकाच जाड एक्सलला जोडलेली आहेत. डावे चाक खड्ड्यात गेले की उजव्यालाही हिसका बसतो. एका भावाच्या दुखण्यात दुसरा जागतो, तसे.

मारुती एस्टीम

मारुतीची ही डिकीवाली गाडी १९९४ साली आली आणि २००७ पर्यंत चालली. हिच्यात चारही चाके आपापली मोकळी असतात. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला त्याची फारशी झळ लागत नाही. त्यामुळे बारीक खरखरीत रस्ता ही गाडी सहज गिळते. हमरस्त्यावर चौघींत हीच शांत वाटली. मायला डुलकी लागली.

पण गावच्या रस्त्याला गोष्ट बदलली. चाक तेरा इंची, गाडी बुटकी. पाच माणसे भरल्यावर उंच गतिरोधकावर पोट घासले. आणि मुख्य म्हणजे सीट खाली. बसताना माय जवळजवळ पडलीच आणि उठताना दोघांनी हात दिला. गाडीत बसल्यावरचा आराम वेगळा आणि गाडीत चढण्या-उतरण्याचा आराम वेगळा. कंबर-गुडघ्याच्या माणसाला दुसरा आराम आधी पाहावा लागतो.

चौथी गाडी

चौथी गाडी चौघींत सर्वांत नवी. रंग चकचकीत, आत थंड हवेची सोय, सीटला नवे कव्हर. आम्ही मनातून तिलाच पहिला नंबर देऊन बसलो होतो. मायने तिलाच शेवटचा दिला. प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी तीन-तीन वेळा उसळत होती आणि मागून टकटक आवाज येत होता. पुतण्या खाली वाकला. मागचे दोन्ही शॉकअप तेल गळून कोरडे झाले होते आणि रबरी बुश फाटले होते.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. स्प्रिंग किंवा पाटा धक्का झेलतो, पण झेलल्यावर तो स्वतः नाचत राहतो. त्याचा नाच थांबवणे हे शॉकअपचे काम. शॉकअप मेला की जगातली कोणतीही गाडी बैलगाडी होते. मालकाने पंधरा दिवसांनी शॉकअपची जोडी आणि बुश बदलले. आम्ही मायला पुन्हा नेले. त्या दिवशी तिने त्याच गाडीला पहिला नंबर दिला! दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता, तिला वापरून वाऱ्यावर सोडणाऱ्याचा होता. म्हणून आम्ही नाव घेत नाही.

तात्पर्य हे की, जुन्या गाडीत नावापेक्षा निगा मोठी. घडणीने अ‍ॅम्बॅसेडरची मागची सीट फियाटपेक्षा आरामाची. एस्टीमसारख्या मोकळ्या चाकांच्या गाड्या हमरस्त्यावर दोघींपेक्षा सरस. नंतरच्या गाड्यांत, उदाहरणार्थ २००२ च्या अखेरीस आलेल्या टाटा इंडिगोत, मागची चाके मोकळी आणि चाकांतले अंतर सुमारे साडेशहाण्णव इंच, म्हणजे जवळपास अ‍ॅम्बॅसेडरइतके. कागदावर हा क्रम बरोबर आहे. पण खपलेले शॉकअप हा सारा क्रम उलटा करतात.

काका मागे बसले तेव्हा

त्या रविवारी परत येताना अ‍ॅम्बॅसेडर थांबवून माय म्हणाली, "भाऊ, आता तुम्ही मांगे या. पोरगा चालवील." काका नको नको म्हणत होते. शेवटी बसले. पाठ न टेकता, हात गुडघ्यावर ठेवून, परीक्षेला बसल्यासारखे. अठ्ठावीस वर्षांत ते त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. सीट झटकली होती, टॉवेल बदलला होता, काच पुसली होती. बसले मात्र नव्हते.

चार-पाच किलोमीटर गेल्यावर त्यांनी हळूच पाठ टेकली. म्हणाले, "साहेब लोक का झोपायचे ते आज कळलं."

आम्ही हसलो. ते मात्र हसले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती आम्हाला गाडीच्या साऱ्या माहितीपेक्षा मोलाची वाटते. ते म्हणाले, "खड्डा मला स्टेअरिंगमधून हाताला कळायचा. मागं काय होतं ते मला माहीत नव्हतं. साहेब 'हळू' म्हणाले की मी हळू करायचो. आपल्या घरची माणसं 'हळू' म्हणत नाहीत. सोसतात."

ज्याच्या हातात गाडी, त्याने हे वाक्य लक्षात ठेवावे. मागे बसलेली म्हातारी, पोटुशी लेक, ऑपरेशन झालेला माणूस तोंडाने बोलत नाही. आपल्यासाठी पोराने गाडी केली, हेच त्यांना फार वाटते. दणका त्या गिळून टाकतात.

चाळीसगावची आठवण

इथे आम्हाला आपल्याच जिल्ह्यातली १९२९ सालची घटना आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून धुळे भागात एका गावच्या बहिष्काराची चौकशी करायला आले होते. परत जाताना चाळीसगावच्या आपल्या लोकांनी त्यांना आग्रहाने मुक्कामाला उतरवून घेतले. स्टेशनवरून वस्तीपर्यंत न्यायला टांगा हवा होता. टांगेवाल्यांनी अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला नकार दिला. बाबासाहेबांनी पायी यावे हे लोकांना बरे वाटेना. शेवटी तडजोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती अशा आपल्यातल्याच माणसाने लगाम धरला. नदीवरच्या फरशीवर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि टांगा घोड्यासकट खाली गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

या प्रसंगाबद्दल बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले आहे. त्यात टांगेवाल्याच्या वागण्याची चीड तर आहेच. पण आपल्या लोकांबद्दलही त्यांनी एक स्पष्ट गोष्ट नोंदवली. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाची काळजी मागे पडली, असा त्याचा भाव आहे.

टांगेवाल्याचा दोष मोठा होता आणि तो समाजाने केलेला गुन्हा होता. त्याची आणि आपल्या लोकांच्या चुकीची बरोबरी होत नाही. तरी बाबासाहेबांनी प्रेमापोटी झालेली ती चूकही झाकली नाही, म्हणून आपणही तिच्यातून शिकावे. आज आपल्याला कोणी गाडी नाकारत नाही. पैसे मोजले की गाडी दारात येते. मग आपण काय पाहतो? रंग पाहतो, फुलांचा हार पाहतो, चार लोक काय म्हणतील ते पाहतो. मागच्या पाट्याला तडा गेला आहे का, टायर कितव्या वर्षाचा आहे, हे कोणी पाहत नाही. मिरवणे वाईट नाही, ज्यांना शतकानुशतके चालायला लावले त्यांनी जरूर मिरवावे. पण बसणाऱ्याचा जीव आणि त्याची हाडे आधी, मिरवणे नंतर.

गाडी पाहायला जाताना

काकांनी आणि पुतण्याने सांगितलेल्या या गोष्टी कात्रण काढून ठेवाव्यात.

१. गाडी पाहायला एकट्याने जाऊ नये. घरातले सर्वांत अशक्त माणूस बरोबर न्यावे, त्याला मागे बसवावे आणि घरची जेवढी माणसे नेहमी बसणार तेवढी भरून गाडी चालवून पाहावी.

२. गाडी सपाट जागी उभी करून दहा पावलांवरून पाहावी. एका अंगाला किंवा मागे झुकली असेल तर पाटा किंवा स्प्रिंग बसली आहे. चारही चाकांच्या वरची फट विताने मोजावी.

३. गाडीचा एक एक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावा. वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. नाचत राहिली तर गेले. बदलताना एकटा बदलू नये, पुढची किंवा मागची जोडी बदलावी.

४. खाली वाकून पाटे मोजावेत. भाड्याच्या गाडीत ओझ्यासाठी एखादा पाटा वाढवलेला असतो, त्याने गाडी दगडासारखी होते. पाटे गंजून एकमेकांना चिकटले असतील तर खोलून साफ करावे लागतात. डिकीत गॅसची टाकी असेल तर मागचा भाग आधीच दबलेला असतो, हेही ध्यानात घ्यावे.

५. रबरी बुश आपल्या उन्हात लवकर कडक होतात. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तिथे रबराने तरी किती टिकावे? टकटक आवाज आला की आधी बुश पाहावेत.

६. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असतील तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी फार जुने रबर कडक झालेले असते, ते दणकाही देते आणि फुटतेही. हवा सकाळी टायर थंड असताना, गाडीच्या माहितीपुस्तकात दिली असेल तेवढीच भरावी. मायलेज वाढेल म्हणून टम्म फुगवलेला टायर प्रत्येक खडा कंबरेपर्यंत पोहोचवतो.

७. मागची सीट हाताने दाबून पाहावी. आतल्या स्प्रिंगा बसल्या असतील तर नवे कव्हर काही कामाचे नाही. रेक्झिनची सीट उन्हात चटके देते, तिच्यावर घडी घातलेली सुती गोधडी टाकावी. हा उपाय फुकट आहे.

८. ही गोष्ट चालवणाऱ्यासाठी. गतिरोधकावर ब्रेक दाबून धरून चढू नये. दाबलेल्या ब्रेकने गाडीचे तोंड खाली बसते आणि स्प्रिंगला झेलायला जागा उरत नाही. आधी वेग पार कमी करावा, मग ब्रेक सोडून चाक चढू द्यावे. काका म्हणतात, या एका सवयीने निम्मे दणके कमी होतात, आणि तिला पैसा लागत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. आराम म्हणजे सुरक्षितता नव्हे. अ‍ॅम्बॅसेडर-फियाटच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत हवेच्या पिशव्या नाहीत, पुष्कळ गाड्यांत मागे पट्टेही नाहीत. अशी गाडी वापरायची तर सावकाश आणि जवळच्या अंतरासाठी वापरावी.

तिघांना उत्तरे

भुसावळच्या बाबांना आमचे सांगणे जरा कडू वाटेल. महिन्यातून एकदा धुळ्याला जायचे म्हणजे वर्षातून बारा फेऱ्या. बारा फेऱ्यांसाठी फंडाचा पैसा जुन्या लोखंडात घालू नये. हा पैसा आयुष्यात एकदाच येतो. एखादा समजूतदार ड्रायव्हर आणि त्याची उंच सीटची, निगा राखलेली गाडी पाहून ठेवावी आणि दर महिन्याला तीच करावी. बाईंना मागे बसवावे, कंबरेमागे लहान उशी द्यावी, वाटेत एरंडोल-पारोळ्याला उतरवून चार पावले चालवावे. गाडी घ्यायचीच ठरली तर वरच्या आठ गोष्टी पाहून घ्यावी आणि दुरुस्तीसाठी वेगळे पैसे राखून ठेवावेत.

धुळ्याच्या ताईंनी आधी डॉक्टरांना विचारावे, प्रवास करू द्यायचा की नाही हे त्यांनी सांगायचे. परवानगी मिळाली तर दिवस आणखी भरण्याआधी लेकीला आणावे. वेळ जुळत असेल तर चाळीसगावला गाडी बदलून रेल्वेने येणे हा मार्ग आहे, रुळावर खड्डे नसतात. मोटारीनेच आणायचे तर चांगल्या शॉकअपची, मागे पट्टे असलेली गाडी करावी. पट्टा पोटावरून नव्हे, पोटाच्या खालून मांड्यांवर यावा आणि तिरका पट्टा छातीवरून जावा. दर तासाला थांबावे. ड्रायव्हरला निघतानाच सांगावे की, पोचायची घाई नाही.

पारोळ्याच्या भावाला एवढेच सांगू, की अ‍ॅम्बॅसेडरचा मोह आम्हालाही आहे. पण खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही, त्यासाठी वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते, तीही झालेली आहे का ते आरटीओत जाऊन पाहा. गाडी बनणे बंद होऊन दशक उलटले आहे, तेव्हा तिचे काम जाणणारा मिस्त्री आणि सुटे भाग जवळपास मिळतात का हे विचारून घे. आणि घेतलीस तर पहिला पैसा रंगावर नव्हे, पाट्यांवर खर्च कर. तिच्यात बसणारा नवरदेव एक दिवस मिरवेल, पण तुझी आई रोज बसेल.

जाता जाता आणखी एक. आता ड्रायव्हरकाकांना आम्ही कुठे नेले की मागेच बसवतो. ते अजूनही बसण्याआधी सीट झटकतात.

आपल्या घरच्या गाडीचा, भाड्याच्या गाडीचा, एसटीचा अनुभव आम्हाला जरूर कळवावा. पत्र पेन्सिलीने लिहिलेले असले तरी चालेल.

जय भीम!